डोळे पाहतात कीं मेंदू?

आमच्या घरीं आमच्या एक वृद्ध आत्याबाई असतात. वय ब्याऐंशीच्या घरांत. स्मरणशक्ति मात्र अशी कीं, कोणत्या सालीं कोणाच्या मुंजीला किती पानें उठलीं हें त्यांना आजहि तोंडपाठ आहे. दोन्ही डोळ्यांच्या दृष्टिपटलाचा मधला भाग झिजत चालल्यामुळें गेल्या चार-पांच वर्षांत त्यांना अंधुक दिसूं लागलें. वाचन सुटलें, सुईंत दोरा ओवणें सुटलें. पण जप, स्तोत्रें आणि लेकीसुनांना वेळेवर चार शब्द सुनावणें हा नित्यक्रम अबाधित होता. अशा या आत्याबाई गेल्या वर्षीं श्रावणांत एके दिवशीं पंक्तींत जेवतांना म्हणाल्या, "अगं, अंगणांतल्या त्या मुलींना कोणी तरी घरांत घ्या. केव्हांच्या पावसांत उभ्या आहेत. भिजत कशा नाहींत कोण जाणे!"

अंगणांत कोणी नव्हतें.

आम्ही हंसलों. हें लिहितांना आज संकोच वाटतो, पण हंसलों हें खरें. समोर बसलेल्या सुनेचा चेहरा ज्यांना ओळखतां येत नव्हता, त्या आत्याबाई अंगणांतल्या मुलींच्या परकराच्या काठावरची नक्षी सांगत होत्या! हिरवे परकर, ठसठशीत काठ, केसांत अबोलीचे गजरे. तिघीहि मुक्या, कोणाकडे न पाहणाऱ्या. पुढें त्या मुली वरचेवर येत राहिल्या. मग एक लाल फेटेवाला आला. पुढें भिंतीवर जाळीदार नक्षी पसरूं लागली. घरांत दोन पक्ष पडले. एका पक्षाला हें बाहेरचें कांहीं तरी वाटलें, व देवाचा अंगारा आला. दुसरा पक्ष सुशिक्षितांचा, म्हणजे आमचा. त्यानें 'आतां यांचें डोकें चाललें' असा निकाल दिला. आत्याबाईंच्या हातून सांजवात काढून घेण्यांत आली. मुलांना त्यांच्या खोलींत निजूं देईनात. अंगाऱ्याच्या पक्षानें त्यांच्याशीं बोलणें तरी सोडलें नव्हतें; आम्हीं तेंहि जवळजवळ सोडलें, कारण ज्याचें डोकें ठिकाणावर नाहीं त्याच्याशीं काय बोलावयाचें, हा आमचा शास्त्रीय विचार!

दोन महिन्यांनीं मुली येईनाशा झाल्या असें आत्याबाईंनीं स्वतःच सांगितलें, व घर निश्चिंत झालें. वस्तुतः त्या येतच होत्या. सांगणें तेवढें बंद झालें होतें. हें कळलें तें आठ महिन्यांनीं, डोळ्यांच्या नेहमींच्या तपासणीच्या वेळीं. नेत्रवैद्यांनीं तपासतां तपासतां अगदीं सहज विचारलें, "आजी, नसलेलीं माणसें, मुलें, वेलबुट्टी, असें कांहीं दिसतें का हो?" आत्याबाई क्षणभर गप्प राहिल्या, आणि मग घळघळां रडूं लागल्या. आमच्या घरांत चाळीस वर्षांत त्यांना कोणीं रडतांना पाहिलें नव्हतें. "तुम्हांला कसें ठाऊक?" एवढेंच त्या म्हणाल्या.

त्या साध्या प्रश्नामागें अडीचशेंहून अधिक वर्षांचा इतिहास आहे. जिनिव्हा शहरांत चार्ल्स बोने नांवाचे एक सृष्टिशास्त्रज्ञ व तत्त्वचिंतक होऊन गेले. त्यांचे आजोबा चार्ल्स लुलँ नव्वदीच्या उंबरठ्यावर असतांना त्यांची दृष्टि बहुतेक गेली होती. मोतिबिंदूच्या शस्त्रक्रियेचा लाभ फार दिवस टिकला नव्हता. या वृद्ध गृहस्थांना पुरुष, स्त्रिया, पक्षी, गाड्या, इमारती दिसत. आकृति लहानमोठ्या होत, जवळ येत, दूर जात. पण आवाज कसलाहि नसे. बुद्धि पूर्ण शाबूत होती, आणि हीं चित्रें खरीं नव्हेत याची त्यांना जाणीव होती. बोने यांनीं ही हकीकत १७६० सालीं आपल्या ग्रंथांत नमूद केली. पुढें उतारवयांत खुद्द बोने यांची दृष्टि मंदावली, व त्यांनाहि असेच अनुभव आले. विसाव्या शतकांत या अवस्थेला त्यांचें नांव मिळालें. ज्यांची दृष्टि फार अधू झाली आहे अशा वृद्धांत ती मुळींच दुर्मिळ नाहीं; दुर्मिळ आहे तें तिच्याविषयीं बोलणें. वेड्यांत काढतील या भीतीनें माणसें मुकाट राहतात, आणि ती भीति किती रास्त आहे तें आमच्या घराच्या उदाहरणावरून दिसेलच.

पण ज्याला कमी दिसतें त्याला जास्त दिसावें हें कसें? येथें आपली पाहण्याविषयींची कल्पनाच मुळांत चुकलेली असते. डोळा म्हणजे एक छायाचित्राची पेटी, समोरच्या वस्तूचें चित्र आंत उमटतें व तें आपण पाहतों, असें शाळेंत आपणां सर्वांस शिकविलेलें असतें. परंतु आंत उमटलेलें तें चित्र पाहतो कोण? त्यासाठीं आंत आणखी एक डोळा मानावा, तर त्याच्याहि आंत आणखी एक मानावा लागेल. खरी गोष्ट अशी कीं, डोळ्यांकडून मेंदूस जें मिळतें त्यास चित्र म्हणणें म्हणजे न्हाव्याच्या दुकानांतील केसांस माणूस म्हणण्यासारखें आहे. एका डोळ्याच्या पडद्यावर प्रकाश टिपणाऱ्या सुमारें बारा कोटि पेशी असतात, पण त्यांचा निरोप मेंदूकडे नेणारे तंतु अवघे दहा लाखांच्या आसपास. सर्वच निरोप जसाच्या तसा जाणें शक्य नाहीं, सारांश जातो. त्यांतहि रेखीव दिसतें तें फार थोडें. हात लांब करून अंगठ्याच्या नखाकडे पाहिलें असतां जेवढी जागा त्या नखानें झांकते, जवळजवळ तेवढीच एका वेळीं स्पष्ट दिसते, बाकीचें अंधुक. म्हणून डोळा दर सेकंदास सुमारें तीन वेळां इकडून तिकडे उडी मारतो, आणि मेंदू त्या तुकड्यांची गोधडी शिवतो. शिवण मात्र आपणांस कधींच दिसत नाहीं.

शिवाय त्या गोधडीला एक भोंकहि आहे. मज्जातंतूंचा जुडगा जेथून डोळ्याबाहेर पडतो तेथें प्रकाश टिपणाऱ्या पेशीच नाहींत. सतराव्या शतकांत मारिओत नांवाच्या फ्रेंच शास्त्रज्ञानें हें दाखवून दिलें. वाचकांनीं घरच्या मुलांना घेऊन हा प्रयोग अवश्य करावा. खर्च कागदाच्या एका कपट्याचा. कागदावर एका आडव्या रेषेवर तीन इंच अंतरानें दोन ठळक ठिपके काढा. डावा डोळा मिटून उजव्या डोळ्यानें डाव्या ठिपक्याकडे टक लावा, व कागद हातभर अंतरावरून हळूहळू जवळ आणा. दहा-अकरा इंचांच्या सुमारास उजवा ठिपका नाहींसा होईल. परंतु आमच्या मतें आश्चर्य तें नव्हे. ठिपका गेला तेथें काळें भोंक दिसत नाहीं. कागद दिसतो, आणि त्यावरून रेषा अखंड गेलेली दिसते! ती रेषा त्या जागेपुरती तुमच्या डोळ्यानें पाहिलेली नाहीं. आजूबाजूला रेषा आहे, तेव्हां मध्येंहि असणारच, असें मेंदूनें ठरविलें व तुम्हांस दाखविलें. आमच्या घरीं हा प्रयोग चालू असतां थोरले काका तीन वेळां कागद उलटून पाहून आले.

जर्मन शास्त्रज्ञ हेल्म्होल्ट्झ यांनीं १८६७ सालीं पूर्ण केलेल्या आपल्या दृष्टिविषयक ग्रंथांत याला अजाणतां केलेलें अनुमान म्हटलें. आमच्या वाचकांस येथें न्यायशास्त्रांतील डोंगरावरचा धूर आठवेल. धूर दिसला तें प्रत्यक्ष, अग्नि असला पाहिजे तें अनुमान, अशीं हीं दोन प्रमाणें आपण वेगवेगळीं मानतों. हेल्म्होल्ट्झ यांचें म्हणणें असें कीं, धूर दिसणें यांतच अनेक अनुमानें होऊन गेलेलीं असतात. (दोरीचा साप दिसण्याचा दृष्टांत आपल्याकडे आहेच, पण तेवढ्यावरून हें सर्व आम्हांस पूर्वींच ठाऊक होतें असें म्हणण्याचा मोह आम्ही आवरतों. दृष्टांत आणि प्रयोग यांत फरक आहे.) मेंदूच्या रचनेंतहि या म्हणण्यास आधार सांपडतो. डोळ्यांकडून येणारा निरोप मेंदूंतील थॅलॅमस नांवाच्या एका ठाण्यांतून पुढें जातो. त्या ठाण्यावर डोळ्यांकडून जितक्या जोडण्या येतात, त्यांहून कितीतरी अधिक जोडण्या मेंदूच्या वरच्या थरांकडून उलट खालीं येतात. म्हणजे बाहेरून बातमी येण्याआधींच 'अशी अशी बातमी येईल' हा अंदाज आंतून निघालेला असतो, आणि पाहणें म्हणजे त्या दोहोंची रुजवात घेणें.

आतां आत्याबाईंच्या मुली कोठून आल्या हें समजणें अवघड नाहीं. अंदाज निघत राहिला, पण रुजवात घेण्यास बाहेरची बातमीच पुरेशी येईना. तेव्हां अंदाजच चित्र होऊन बसला. मेंदू बिघडला नव्हता. तो आपलें काम करीत होता, आणि कच्चा माल तुटला तरी माग थांबवीत नव्हता. लंडनमध्यें डॉमिनिक फिच व त्यांच्या सहकाऱ्यांनीं अशा रुग्णांच्या मेंदूचीं चित्रें यंत्रानें घेतलीं व १९९८ सालीं निष्कर्ष प्रसिद्ध केले. ज्याला रंग दिसत त्याच्या मेंदूचा रंग ओळखणारा भाग, ज्याला चेहरे दिसत त्याचा चेहरे ओळखणारा भाग जागृत झालेला आढळला. रुग्ण कल्पना करीत नव्हते. ते शब्दशः पाहत होते. आणि हें केवळ वृद्धांपुरतें नाहीं. अमेरिकेंत चांगल्या दृष्टीच्या तेरा निरोगी माणसांचे डोळे पांच दिवस बांधून ठेवण्यांत आले. तेरांपैकीं दहा जणांना नसलेलीं दृश्यें दिसलीं, असें २००४ सालीं प्रसिद्ध झालेल्या वृत्तांतांत आहे.

येथवर वाचून कोणी म्हणेल, हें अधू डोळ्यांचें झालें. धडधाकट माणसांना तर जग एकसारखेंच दिसतें ना? यास उत्तर म्हणून साडीच्या दुकानांतली गोष्ट घ्यावी. दिव्याखालीं पसंत केलेली साडी दारापाशीं उजेडांत नेऊन पाहिल्याशिवाय कोणतीहि जाणती गृहिणी पैसे मोजीत नाहीं. कापडावरून परतणाऱ्या प्रकाशांत कापडाचा रंग आणि दिव्याचा रंग हे मिसळलेले असतात, व त्यांतून दिव्याचा वांटा वजा करण्याचें काम मेंदू अंदाजानेंच करतो. घरोघरीं हा अंदाज सारखाच उतरतो म्हणून भांडण होत नाहीं. परंतु २०१५ सालच्या फेब्रुवारींत स्कॉटलंडमधील एका लग्नाच्या निमित्तानें काढलेलें एका झग्याचें छायाचित्र जगभर फिरलें, आणि घराघरांत तट पडले. कोणास तो निळा व काळा दिसे, कोणास पांढरा व सोनेरी. एकाच छायाचित्राकडे शेजारीं बसून पाहणारीं नवराबायको एकमेकांस खोटें ठरवूं लागलीं! झगा खरोखर निळा-काळाच होता. परंतु छायाचित्रांत प्रकाश कोणता याचा धागा नव्हता. ज्याच्या मेंदूनें तो सांवलींतला निळसर उजेड मानला, त्यानें निळा रंग वजा केला व त्यास झगा पांढरा दिसला. ज्यानें तो दिव्याचा पिवळसर उजेड मानला, त्यास निळा. पास्कल वॉलिश या संशोधकानें हजारों लोकांस प्रश्न विचारून २०१७ सालीं असें दाखविलें कीं, पहांटे उठणाऱ्यांत पांढरा-सोनेरी पाहणारांचें प्रमाण रात्रीं जागणाऱ्यांपेक्षां जास्त आहे. ज्याचा जन्म जितका सूर्यप्रकाशांत गेला, त्याचा मेंदू तितका सूर्यप्रकाश गृहीत धरतो, असा त्यांचा तर्क. आमच्या घरीं काकूंना तो पांढरा दिसला व कॉलेजांतल्या पुतण्यास निळा. कोण केव्हां उठतें हें वाचकांनीं ओळखावें.

डोळ्यांचें जें, तेंच कानांचें. आमच्या एका चुलतभावाचा नातू परदेशांत वाढलेला आहे. सुटींत आला असतां तो आपल्या बहिणीस 'ताई' न म्हणतां 'टाई' म्हणे, आणि 'वात' व 'वाट' यांचा त्याच्या तोंडीं एकच उच्चार होई. आजींना वाटे पोर चेष्टा करतो, त्यांनीं पंधरा वेळां म्हणवून घेतलें, आणि सोळाव्या वेळीं मुलगा रडकुंडीस येऊन म्हणाला, "आजी, तूं दोन्ही वेळां एकच तर म्हणतेस!" तो खरेंच बोलत होता. कॅनडांतील जॅनेट वर्कर व रिचर्ड टीस यांनीं १९८४ सालीं प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत इंग्रजी घरांतील तान्ह्या मुलांना हिंदींतले त आणि ट यांसारखे दंत्य व मूर्धन्य वर्ण ऐकविले. सहा ते आठ महिन्यांच्या बहुतेक मुलांना त्यांतला फरक कळला. दहा ते बारा महिन्यांच्या मुलांपैकीं फारच थोड्यांना. पहिला वाढदिवस येईपर्यंत मूल घरच्या बोलींत ज्याचा उपयोग नाहीं तो फरक ऐकावयाचें सोडून देतें, आणि घरच्या बोलीला कान तयार करतें. आपण त्या पोरास हंसूं नये. इंग्रजीला ज्या दोन ठिकाणीं आपण पुष्कळदां एकच 'व' लावतों, तेथें इंग्रजांस दोन निराळे वर्ण ऐकूं येतात.

जन्मांधास मोठेपणीं दृष्टि आली तर काय दिसेल, हा प्रश्न आयर्लंडांतील विल्यम मॉलिन्यू यांनीं १६८८ सालीं तत्त्वज्ञ लॉक यांस पत्रानें विचारला होता. मॉलिन्यू यांच्या पत्नीची दृष्टि गेलेली होती. तेव्हां हा प्रश्न त्यांस केवळ पंडिती वादाचा नसावा. गोल आणि चौकोनी ठोकळा ज्यानें हातांनीं चाचपून ओळखला आहे, त्यास प्रथमच डोळ्यांनीं पाहतांच गोल कोणता व चौकोनी कोणता हें सांगतां येईल काय? तीनशें वर्षांनंतर त्याचें एक उत्तर दिल्लींत मिळालें. पवन सिन्हा या शास्त्रज्ञांनीं उपचाराविना अंध राहिलेल्या मुलांवर शस्त्रक्रिया करवून त्यांना दृष्टि देण्याचें 'प्रकाश' नांवाचें काम हातीं घेतलें आहे. त्यांतील आठ ते सतरा वर्षांच्या पांच मुलांचा वृत्तांत २०११ सालीं प्रसिद्ध झाला. दृष्टि येतांच त्यांना दोन पाहिलेल्या वस्तूंतील फरक ओळखतां येई, हातानें चाचपलेल्या दोन वस्तूंतील फरकहि ओळखतां येई. परंतु चाचपलेली वस्तु डोळ्यांनीं ओळखणें जवळजवळ नशिबावर हवाला. डोळे आले होते, पण हाताचें ज्ञान डोळ्यांच्या हवालीं झालें नव्हतें. तथापि थोड्याच दिवसांत त्यांची प्रगति झाली, हें वाचून आम्हांस फार आनंद झाला. ज्या देशांत मोतिबिंदु घेऊन जन्मलेलें मूल आजहि 'नशीब' म्हणून घरांत बसविलें जातें, तेथें हा वृत्तांत प्रत्येक घरांत वाचला गेला पाहिजे.

असो. आत्याबाईंना नेत्रवैद्यांनीं हें सर्व सोप्या भाषेंत समजावून दिलें. मुली आल्या कीं डोळे चार-सहा वेळां डावी-उजवीकडे फिरवावेत, खोलींत उजेड वाढवावा, जागेवरून उठावें. बहुधा त्या जातात. याहून विशेष औषध नाहीं, आणि बहुतेकांना लागतहि नाहीं. पण त्यांनीं आम्हांलाहि बाजूस घेऊन एक इशारा दिला, तो वाचकांच्या उपयोगाचा आहे. दिसणारीं माणसें खरींच आहेत असा वृद्धांचा आग्रह असला, तीं बोलतात किंवा अंगाला शिवतात असें ते सांगत असले, किंवा ताप, नवें औषध, अचानक आलेला गोंधळ, विसराळूपणा, चालण्यांतला बदल यांच्यासह हें सुरू झालें असलें, तर तें निराळें प्रकरण समजावें व विलंब न लावतां डॉक्टरांकडे जावें. निदान घरांतल्या पंक्तींत बसून करूं नये. अंगाऱ्यानेंहि नाहीं, आणि सुशिक्षितपणानेंहि नाहीं.

घरीं परततांना गाडींत आत्याबाई बराच वेळ विचारांत होत्या. मग त्यांनीं आम्हांस विचारलें, "त्या पोरी माझ्या मेंदूनें उभ्या केल्या म्हणतोस. मग हा तूं समोर बसला आहेस, तो कोणीं उभा केला?"

"तोहि त्यानेंच, आत्याबाई," आम्ही म्हणालों. "फक्त डोळ्यांना थोडें विचारून."

"थोडेंच विचारलेलें दिसतें," त्या म्हणाल्या. "तुझें तोंड मला कांहीं दिसत नाहीं."

सांजवात त्यांच्या हातीं परत आली. वातीची ज्योत दिसत नाहीं, पण ऊब कळते, म्हणून अडत नाहीं. वहिनींनीं दोन दिवस कांहीं न बोलतां त्यांच्या आवडीची भाजी केली. आमच्या घरांत क्षमा मागण्याची तीच रीत आहे. मुलांची भीति तर अशी गेली कीं, आतां शाळेंतून येतांच धाकटा नातू दप्तर टाकून त्यांच्या खोलींत धांवतो व विचारतो, "आजी, आज कोण कोण आलें आहे?" आत्याबाई भिंतीकडे जरा वेळ निरखून पाहतात आणि सांगतात. परवां म्हणे फेटेवाला आला होता, पण फेटा लाल नव्हता.